पगार कधी होतो?

दिवाळी महिन्यावर आली की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. पूर्वी म्हणे आपल्याकडे पगार आठवड्याला मिळायचा. वर्षाचे आठवडे 52, चार आठवड्यांचा एक पगार धरला तर वर्षाचे पगार 13. इंग्रजांनी महिन्याचा पगार आणला आणि बारा पगारांवर बोळवण केली. कामगार खवळले, आंदोलनं झाली आणि बुडालेला तो तेरावा पगार दिवाळीला बोनस म्हणून परत मिळाला. खाली दोन जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

गोष्ट ऐकायला झकास आहे, पण इतिहासात ती बसत नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला पगार महिन्यानेच मिळायचा आणि तोही वेळेवर मिळत नसे. 1884 च्या सप्टेंबरमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाला बांधलेली वेळ आणि अपघात झाल्यास भरपाई या मागण्या आपण शाळेत वाचलेल्या असतात. त्याच निवेदनात आणखी एक कलम होतं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत थांबायची तयारी ठेवून केलेली मागणी होती ती! रविवारची सुट्टी 1890 साली मिळाली आणि लोखंडे आपल्या लक्षात राहिले ते त्या रविवारामुळे. तारखेचं कलम मागे पडलं.

बोनसचा उगम वेगळा आहे. पहिल्या महायुद्धात गिरण्यांनी बक्कळ नफा कमावला आणि महागाईने कामगारांचं कंबरडं मोडलं, तेव्हा आधी युद्धभत्ता म्हणून आणि मग वर्षाअखेरची रक्कम म्हणून बोनस सुरू झाला. 1923 चा बोनस मालकांनी नाकारला, तर 1924 च्या सुरुवातीला मुंबईत दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांच्या समितीने निकाल दिला की बोनस हा कामगारांचा हक्क नाही. तो हक्क व्हायला 1965 चा कायदा यावा लागला. त्यात किमान बोनस आधी 4 टक्के होता, पुढे 8.33 टक्के झाला. वर्षाच्या कमाईचे 8.33 टक्के म्हणजे बरोबर एक महिन्याचा पगार. मेसेजवाल्यांचा तेरावा पगार इथून आलेला दिसतो. (प्रत्यक्षात 2015 च्या दुरुस्तीनंतरही हा टक्का सगळ्या पगारावर काढला जात नव्हता. महिन्याला 7,000 रुपये किंवा किमान वेतन, यांतली जी रक्कम जास्त तिच्यावर तो मोजायचा.)

तरीही हा मेसेज दरवर्षी पुढे ढकलला जातो, आणि ढकलणारे काही खुळे नाहीत. आठवड्याचा हिशोब महिन्यात घालताना कुठेतरी आपले पैसे गळतात, हा संशय त्यांना आहे, आणि तो रास्त आहे. कंत्राटी कामगाराचा एक दिवस खाडा झाला की महिन्याच्या पगाराला 26 ने भागायचं की 30 ने, यावर औद्योगिक वसाहतींत रोज वाद होतात. खाडा कापताना 26 ने भागायचं आणि जादा दिवसाचे पैसे देताना 30 ने, अशी हातचलाखी करणारे कंत्राटदार आजही आहेत. पगार किती, यावर आपण भरपूर बोलतो, लिहितो, मोर्चे काढतो. तो कधी मिळतो आणि ते कोण ठरवतं, हा प्रश्न मात्र हिशोबनिसाच्या टेबलावर पडून राहतो. गरिबाच्या घरात या ‘कधी’ची किंमत रोख रुपयांत मोजावी लागते.

गिरणगावात ती कशी मोजली जायची ते पाहा. कोकणातून किंवा घाटावरून आलेला पोरगा एक तारखेला कामावर लागला तर पहिला पगार हातात यायला सहा आठवडे. तोवर खायचं काय? एक तर किराणावाल्याची वही, नाहीतर खानावळ. खानावळ चालवणारी बाईही त्याच्यासारखीच चाळीतली, बहुतेकदा गिरणी कामगाराची बायको किंवा विधवा. ती पंधरा-वीस जणांना दोन वेळचं जेवण महिनाभर उधारीवर घालायची आणि स्वतः वाण्याकडून चढ्या दराने उधारीवर धान्य उचलायची. गिरणीमालकाने थकवलेल्या पगारावरचं व्याज असं उतरत उतरत तिच्या चुलीपर्यंत पोहोचायचं. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं, त्याच्या मुळाशी हीच कोंडी होती. बाकी उरलेल्यांसाठी व्याजाने पैसे देणारा पठाण होताच. पगाराच्या दिवशी तो गिरणीच्या दारात काठी घेऊन उभा असायचा, आणि पगाराची तारीख त्याला कामगाराइतकीच पाठ असायची.

हे सगळं सरकारला ठाऊक नव्हतं असं नाही. 1925 साली मध्यवर्ती कायदेमंडळात आठवड्याच्या पगाराचं एक खाजगी विधेयक आलं होतं. सरकारने विचार करण्याचं आश्वासन दिलं आणि विधेयक मागे घेतलं गेलं. पुढे 1929 मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली शाही कामगार आयोग नेमला गेला. आपले ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. 1931 च्या अहवालात आयोगाने कामगारांच्या कर्जबाजारीपणाचा धागा थेट पगाराच्या मुदतीशी जोडला आणि कापड गिरण्या, रेल्वेचे कारखाने वगैरे ठिकाणी दोन पगारांत 16 दिवसांहून जास्त अंतर नको, अशी शिफारस केली. अहमदाबादच्या गिरण्यांत पंधरवड्याचा हप्ता चालू होता आणि कलकत्त्याच्या ताग गिरण्यांत आठवड्याचा. म्हणजे अशक्य असं काहीच मागितलेलं नव्हतं. 1936 साली वेतन प्रदान कायदा झाला, त्यात 16 दिवस गायब होते. मुदत जास्तीत जास्त एक महिना, आणि त्यापुढे हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सातव्या दिवसाच्या आत, जास्त असतील तर दहाव्या दिवसाच्या आत पगार. आपण ज्याला पगाराची स्वाभाविक तारीख समजतो ती सात किंवा दहा तारीख इथून आली आहे. ती मालकाच्या सोयीची तडजोड होती, आणि नव्वद वर्षं ती आपण निमूट पाळली.

*

महिन्याच्या दुसऱ्या टोकाला आहे ऊसतोड. इथे पगार कामाच्या आधी मिळतो. वरवर पाहता याहून चांगलं काय!

बीड, अहिल्यानगर, जालना या भागांत दसऱ्याच्या आगेमागे मुकादम उचल वाटतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यामागे लाखाच्या आसपास रक्कम. त्या पैशातून मागची देणी भागतात, लग्न उरकतं, घरावर पत्रे पडतात, आणि दिवाळीचं तेल-साखरही त्यातूनच येतं. मग बैलगाडी किंवा ट्रॅक्टरमागे संसार बांधून टोळी पश्चिमेला जाते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि टनाला 366 रुपये दर ठरला. एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला तर दोघांचे मिळून 732 रुपये होतात. लाखाची उचल फिटायला, एकही खाडा न होता, 137 दिवस हवेत. कारखाने आता शंभर दिवसांच्या आसपास आटोपायला लागले आहेत, आणि पाऊस, आजारपण, मोडलेली गाडी, यंत्रात बिघाड होऊन बंद पडलेला कारखाना हे सगळे दिवस कामगाराच्या नावावरच पडतात. उरलेली बाकी पुढच्या सालच्या उचलीत जाते. उचल घेतलेला माणूस हंगामाच्या मध्यात मुकादम बदलू शकत नाही, दरासाठी घासाघीस करू शकत नाही, बायको आजारी आहे म्हणून घरी बसू शकत नाही. बीड जिल्ह्यातल्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय 2019 मध्ये गाजला, तेव्हा पाळीच्या दिवसांचा खाडा आणि त्याचा दंड हेच कारण पुन्हा पुन्हा पुढे आलं होतं.

पण मग हंगामाच्या दिवसांत रोजचा मीठ-मसाला कुठून येतो? उचल तर गावातच संपलेली असते. मुकादम पंधरा दिवसांनी थोडी खर्ची देतो, तीही हिशोबात धरून. रोजचे रोख पैसे येतात वाढ्यांतून. उसाचा हिरवा शेंडा म्हणजे वाढं. त्याच्या पेंढ्या बांधायच्या आणि गावातल्या गोठेवाल्यांना विकायच्या. फडातली मोळी गाडीवर चढवून झाली की दमलेली बाई परत खाली वाकून वाढी गोळा करते, ती याचसाठी. त्या पेंढ्यांच्या पैशातून संध्याकाळचं पीठ, चहापत्ती, पोराचं औषध. सगळ्या हंगामात दर दिवसाला मिळणारी, कुणाच्या वहीत न जाणारी कमाई तेवढीच, आणि तिच्यावर बाईची पकड असते.

ज्याच्या फडात ही टोळी राबते त्या शेतकऱ्याचंही असंच आहे. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत त्याला एफआरपीची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराची, रक्कम मिळाली पाहिजे आणि उशीर झाला तर 15 टक्के व्याज, असा 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. साखरपट्ट्यात तो किती पाळला जातो हे प्रत्येक हंगामातल्या आंदोलनांवरून कळतं. उसाचं बिल वर्षातून एकदा आणि कधी येईल ते देवाला ठाऊक, म्हणून घर चालतं दुधावर. कोल्हापूरकडे दुधाचं बिल दहा दिवसांनी होतं. शाळेची फी, गॅस, किराणा, सगळं त्या दहा दिवसांच्या तालावर बसवलेलं असतं. ऊस म्हणजे प्रतिष्ठा आणि म्हैस म्हणजे पगार, असं मला तरी दिसतं.

तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवर केलेला एक अभ्यास 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि सहकाऱ्यांनी त्याच शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी दोनदा घेतली, एकदा उसाचे पैसे यायच्या आधी ओढगस्तीच्या काळात आणि एकदा पैसे आल्यावर. माणसं तीच, पण ओढगस्तीत चाचणीतली कामगिरी ठळकपणे खाली गेलेली होती. पैशाची वाट पाहणं डोक्यातली जागा खातं. आपल्याकडच्या बायकांना हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाहीत.

*

मग उत्तर सोपं वाटतं. सगळ्यांना आठवड्याला पगार द्या, आणि जमलं तर रोज! मालेगावच्या यंत्रमागांवर शुक्रवारची सुट्टी, आणि सुट्टीच्या आधी आठवड्याचा हिशोब. विडी वळणाऱ्या बायकांतही आठवड्याच्या मजुरीची जुनी रीत आहे. शेतमजुरी कित्येक गावांत आठवडे बाजाराच्या दिवशी चुकती होते, कारण बाजारात रिकाम्या हाताने जाऊन उपयोग काय? नाक्यावर उभा राहणारा बिगारी संध्याकाळी रोख घेऊनच घरी जातो.

पण नाक्यावरच्या माणसाशी बोललं की दुसरी बाजू निघते. रोजचे पैसे रोज जातात. पाचशे-सातशे रुपये हातात आले की संध्याकाळच्या बाजारापासून दारूच्या गुत्त्यापर्यंत त्यांना शंभर वाटा फुटतात. डिपॉझिट भरून खोली घेणं, पोरीची वर्षाची फी, गावाकडे विहिरीचा हप्ता, यांसाठी लागते ती एकगठ्ठा रक्कम रोजच्या पैशातून उभी राहत नाही. केनियातल्या दूध उत्पादकांवरच्या एका अभ्यासात हेच दिसलं. रोजच्या रोज रोख देणारे गिऱ्हाईक दारात असतानाही बहुतेकांनी महिन्याने एकदम पैसे देणाऱ्या संस्थेला दूध घातलं, कारण आपलेच पैसे आपल्यापासून वाचवायला त्यांना तिसरा कुणी हवा होता. आपल्याकडे तेच काम भिशी करते.

पुण्यात आमच्या सोसायटीत चार घरी काम करणाऱ्या एक ताई आहेत. चारही घरं त्यांना एक तारखेला पैसे द्यायला तयार होती. ताईंनीच तीन घरांना नको म्हणून सांगितलं. एका घराचे पैसे एक तारखेला घेतात, त्यातून खोलीचं भाडं जातं. दुसऱ्या घराचे सातला, त्यातून किराणा. तिसऱ्याचे पंधराला, कारण भिशीचा हप्ता सोळाला असतो. चौथ्याचे वीसला. नवऱ्याला वीसचं घर माहीत नाही. ‘एकदम दिले की एकदम जातात, वहिनी. आणि कुणाच्या डोळ्यात येतात ते वेगळंच,’ असं त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. कुठल्याही कंपनीच्या मनुष्यबळ खात्याला सुचली नसती अशी पगाराची व्यवस्था या बाईने स्वतःच उभी केली आहे. तिला ती करता आली, कारण तिला चार मालक आहेत आणि चौघांनी तिचं ऐकलं. एकच मालक असणाऱ्याला ही सोय नाही.

बांधकामावरचा मजूर पाहा. रविवारी सकाळी साइटवर खर्ची वाटतात. मुकादमाच्या लांबट डायरीत प्रत्येकाच्या नावापुढे भरल्या दिवसाची उभी रेघ, अर्ध्या दिवसाला तिच्यावर काट, आणि उजव्या रकान्यात ‘ख. 500’, ‘ख. 1000’ अशा नोंदी. तांदूळ, तेल, मोबाईलचा रिचार्ज भागेल एवढीच ही खर्ची. बाकी मजुरी मुकादमाकडे साठत जाते आणि गावी जाताना हिशोब होतो. कागदावर पाहिलं तर ही चांगली व्यवस्था आहे. आठवड्याला खर्चापुरतं आणि शेवटी एकगठ्ठा, ताईंनी जुळवलं तेच. फरक एवढाच की ती डायरी मजुराच्या हातात नाही. त्याची रेघ कुणी पुसली, ‘ख.’ पुढचा आकडा कुणी वाढवला, तर दाद कुठे मागणार? आणि साठलेले पैसे सोडून पळताही येत नाही. ऊसतोडीत आधी देऊन बांधतात, इथे उरलेलं अडवून.

औद्योगिक वसाहतींतल्या कंत्राटी कामगारांचा पगार लांबतो तोही असाच. एक साधा हिशोब मांडून पाहू. एका कंत्राटदाराकडे 200 कामगार आहेत आणि पगार 15,000 धरला, तर महिन्याचे 30 लाख होतात. त्याने पगार दहा दिवस लांबवला आणि बँकेचा दर वर्षाला 12 टक्के धरला, तर त्याचे साधारण 9,900 रुपये वाचतात. आता यातल्या निम्म्याच कामगारांनी दहा दिवसांची नड भागवायला शेकडा पाच दराने 3,000 रुपये उचलले असं समजा. खाजगी सावकार दहा दिवसांचंही महिन्याचंच व्याज लावतो, म्हणजे माणशी 150 रुपये. शंभर जणांचे मिळून 15,000. मालकाचे दहा हजारसुद्धा वाचत नाहीत आणि कामगारांचे पंधरा हजार जातात. बुडणारे पाच हजार धंद्यालाही मिळत नाहीत आणि घरालाही.

सरकार या बाबतीत काही सोवळं नाही. रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली कल्पना, वि. स. पागे यांची. 2005 च्या केंद्रीय कायद्याने सांगितलं की मजुरी आठवड्याला द्यावी, आणि काहीही झालं तरी पंधरवड्याच्या आत. उशीर झाला तर सोळाव्या दिवसापासून रोज 0.05 टक्के भरपाई. 2025-26 चा महाराष्ट्राचा दर 312 रुपये रोज. सहा दिवसांची मजुरी 1,872 रुपये आणि तिच्या उशिराची भरपाई दिवसाला 94 पैसे! एवढ्यासाठी तहसीलला एक हेलपाटा घालायचा तरी एसटीचं भाडं त्याच्या कितीतरी पट. आणि त्या एसटीच्या कर्मचाऱ्यांचं काय? 2021 च्या दिवाळीच्या तोंडावर सुरू झालेला त्यांचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. त्याच संपात सरकारला जाहीर करावं लागलं की यापुढे पगार दर महिन्याच्या 10 तारखेच्या आत होईल. लोखंड्यांचं कलम 137 वर्षांनी पुन्हा मंजूर झालं, पाच दिवस अलीकडे आणून.

कायम सरकारी नोकरांना दिवाळी महिनाअखेरीस आली की वेगळंच सुख लाभतं. 2022 मध्ये दिवाळी 24 ऑक्टोबरला होती, तेव्हा ऑक्टोबरचा पगार महिना संपायच्या आतच दिला गेला. सगळे खूश! मग नोव्हेंबरचा पगार यायला चाळीस दिवस लागले, आणि त्यांतले शेवटचे पंधरा दिवस कित्येक घरांत क्रेडिट कार्डावर निघाले. पगाराची तारीख अलीकडे ओढली तरी महिना तेवढाच राहतो.

आता मोबाईलवर काम देणाऱ्या कंपन्यांनी आठवड्याचा पगार परत आणला आहे. घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या पोराचे पैसे आठवड्याला खात्यात जमा होतात. काही ठिकाणी त्याआधीच हवे असतील तर बटण दाबून काढता येतात, आणि कुठे कुठे त्यासाठी फी लागते. आपण केलेल्या कामाचे पैसे लवकर मिळावेत म्हणून आपणच फी भरायची, हे पठाणालाही सुचलं नव्हतं.

*

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात वेतन संहिता लागू झाली. 1936 चा कायदा तिच्यात विरघळला. संहिता चार मुदती मानते. रोजंदारी असेल तर पाळी संपताच पैसे, आठवड्याचा पगार असेल तर सुट्टीच्या आदल्या दिवशी, पंधरवड्याचा असेल तर पंधरवडा संपल्यावर दोन दिवसांत, महिन्याचा असेल तर पुढच्या सात तारखेच्या आत. हजार कामगारांवर दहा तारीख, ही जुनी सवलत गेली. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशोब चुकता व्हायला हवा. हे चांगलं आहे, आणि कंत्राटी कामगारांनी ते पाठ करून ठेवावं.

पण चार मुदतींतली कोणती घ्यायची हे ठरवायचा अधिकार संहितेने मालकालाच दिला आहे. कामगाराला विचारायचं, अशी तरतूद नाही. माझं म्हणणं इथे अडतं. आठवडा चांगला की महिना, याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर निघत नाही हे वर पाहिलंच. भाडं महिन्याचं, पोट रोजचं, फी वर्षाची. कुणाला कधी किती हवेत हे त्या घरालाच कळतं. पूर्वी रोखीचे लिफाफे भरताना कारकुनाचा दिवस जायचा, म्हणून महिन्यातून एकदा हे कारण खपून गेलं. आता पगार खात्यात जातो आणि तो दोनदा पाठवायला संगणकाला श्रम पडत नाहीत. निम्मा पगार पंधराला आणि उरलेला एकला, किंवा सगळा एकदम, असा पर्याय कामावर घेताना एका छापील ओळीत विचारता येईल. नव्या माणसाला पहिल्या महिन्यात तरी आठवड्याला पैसे द्यायलाच हवेत. उधारीची वही तिथूनच सुरू होते. कामगार संघटनांनी पगारवाढीच्या करारात हे एक कलम घालून पाहावं. त्याला मालकाचे फारसे पैसे लागत नाहीत, म्हणून ते मिळण्याची शक्यताही जास्त आहे.

कारखान्यांचं व्हायचं तेव्हा होईल. घरकामाच्या बाबतीत मालक आपण आहोत, आणि आपल्याला ही मुदत पाळायला लावणारं कुणी नाही. या दिवाळीला ताईंच्या हातात बोनस ठेवाल तेव्हा एवढं विचारा, की पगार कोणत्या तारखेला हवा आणि एकदम हवा की दोनदा. त्या सांगतील ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि गावाला जाणार असाल तर पैसे आधी देऊन जा.